एकशे वीस अधिक एकशे वीस

अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे? मी उभा जन्म एक भागाकार केला आणि एक गुणाकार केला." त्यांना वाटलं, मी विनय दाखवतेय. विनय कसला! खरोखरच तेवढंच केलं. आणि तेही दरवेळी बरोबर आलं असं नाही.

मी नागपूरची. तिथेच इलेक्ट्रिकलची इंजिनिअर झाले, लग्न झालं आणि मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला येऊन पडले. नव्वदच्या दशकात आमच्या ओळखीतली झाडून सगळी मराठी माणसं कॉम्प्युटरमध्ये होती. माझा नवरा अशोकही त्यातलाच. कुणाच्या घरी जेवायला जमलो की पुरुषांत आणि बायकांतही सिस्टिम, क्लायंट, प्रोजेक्ट असे शब्द उडत असायचे. मग कुणीतरी आठवण झाल्यासारखं माझ्याकडे वळायचं.

"विशाखाताई, तुम्ही कशात आहात?"

"हीटरमध्ये."

"म्हणजे रूम हीटर?"

"नाही, हीटरच्या आतली तार."

यानंतर जी शांतता पसरायची तिच्यात कुणाचीतरी बायको हळूच म्हणायची, "कोशिंबीर घ्या नं." घरी परतताना अशोक ड्राइव्ह करता करता म्हणायचा, "तू एक कॉम्प्युटरचा कोर्स का जॉइन करत नाहीस, यार? सहा महिन्यांत जॉब लागेल." मी खिडकीबाहेर बघायची. खरं सांगायचं तर कोर्सचा फॉर्म मी दोनदा आणला होता. दोन्ही वेळा तो भाजीच्या पिशवीत ओला झाला.

आमची कंपनी म्हणजे वूस्टरजवळची एक शेड. तिथे गिऱ्हाइकाच्या मापाप्रमाणे तारेची वेटोळी गुंडाळून मिळायची. कुणाला पावाच्या भट्टीसाठी हवी असत, कुणाला लाँड्रीच्या इस्त्रीयंत्रासाठी. मालकाचं नाव फ्रँक. जाडजूड, चांगला माणूस, बोलताना नेहमी काहीतरी खात असे. कंपनीत इंजिनिअर मी एकटीच, त्यामुळे माझ्या कार्डावर ‘चीफ इंजिनिअर’ असं छापलेलं होतं. माझ्या हाताखाली कुणीही नव्हतं.

काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तारेतून वीज जाऊ लागली की तार तिला अडवते आणि अडवता अडवता तापते. वीज किती जोराने ढकलली जातेय ते व्होल्टमध्ये मोजतात. प्रत्यक्षात किती वाहतेय ते अँपिअरमध्ये. ढकलण्याच्या आकड्याला वाहण्याच्या आकड्याने भागलं की तार किती अडवतेय ते निघतं, त्याला ओहम म्हणायचं. आणि त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की किती उष्णता मिळणार ते निघतं, त्याला वॅट म्हणायचं. झालं माझं शास्त्र. शाळेच्या पुस्तकात हे एका पानात आटोपतं. त्या एका पानावर माझी सगळी नोकरी उभी होती.

पण त्या पानावरचे दोन शब्द माझ्या तोंडात बसत नव्हते. व्होल्ट आणि वॅट. आपण दोन्ही एकाच ‘व’ने म्हणतो. अमेरिकन माणसाच्या कानाला त्यात जमीन-अस्मानाचा फरक लागतो. न्यू हॅम्पशायरमधल्या एका कोंबडीवाल्याला मी फोनवर नीट समजावून सांगितलं होतं, पाण्याच्या हौदात पाचशे वॅटचा हीटर टाका, एकशे वीस व्होल्टचा. त्याने लिहून घेतलं, एकशे वीस वॅट. ऑर्डर आली तशी शेडमधून वस्तू गेली. जानेवारीतल्या एका सकाळी त्याचा फोन.

"लेडी, माझ्या कोंबड्या पाण्यावर चालतायत."

मला आधी वाटलं, हा काही धार्मिक अनुभव सांगतोय. मग लक्षात आलं, हौद गोठलाय.

त्या संध्याकाळी माझी मुलगी प्रज्ञा, दुसरीतली, मला समोर बसवून शिकवत होती. "आई, बाइट युअर लिप. व्होल्ट. नो, दॅट्स अ डब्ल्यू. लुक ॲट माय टीथ." मी ओठ चावत चावत स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी गाडीत ओठ चावत ऑफिसला गेले. आठवडाभराने ओठ फुटला, ‘व’ होता तिथेच राहिला. मग मी फोनवर बोलणं कमी केलं आणि जमेल तिथे स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. अशी मी एलिनॉरबाईंकडे पोचले.

एलिनॉरबाई कुंभारकाम करायच्या. वय सत्तरीच्या पुढे, काटकुळ्या, केस मागे पेन्सिलीने अडकवलेले. त्यांचा नवरा हॅरी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. ताटल्या आणि वाडगे त्या घडवायच्या, वरून द्यायचा काचेसारखा लेप हॅरी कालवायचा. भट्टी त्यांच्या घराच्या गॅरेजमध्ये होती. हॅरी गेल्यावर एवढं घर एकटीला झेपेना, म्हणून त्यांनी ते विकलं, लहानशा अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या आणि भट्टी वूस्टरच्या एका जुन्या कापड गिरणीत हलवली. गिरणी बंद पडून जमाना झाला होता. तिच्या खोल्या आता चित्रकार, सुतार, वाद्यं दुरुस्त करणारे असे लोक भाड्याने घेत.

भट्टी हलवल्यापासून भाजणंच नीट होईना.

"थकलीय बहुतेक," त्या मला म्हणाल्या. भट्टीबद्दल म्हणतायत की स्वतःबद्दल, ते मला कळलं नाही. "पूर्वी दिवसभरात तापायची. आता रात्र झाली तरी पोचत नाही. हे बघ."

त्यांनी एक वाडगा माझ्या हातात दिला. त्याचा रंग ताकात निळीचा थेंब पडावा तसा होता, हाताला खडूसारखा लागत होता. मग त्यांनी फडताळातून दुसरा वाडगा काढला, गॅरेजच्या दिवसांतला. तोच लेप, तीच माती. पण हा खराखुरा निळा होता. निळा म्हटलं की आमच्या घरात आधीच माणसं हळवी होतात. हा तर संध्याकाळी दिवे लागायच्या आधी आभाळ असतं तसला निळा.

"हॅरीचा निळा," बाई म्हणाल्या. "त्याने कालवून ठेवलेली ही शेवटची बादली. अर्धी उरलीय. मला कालवता येत नाही असं नाही. चाळीस वर्षं शेजारी उभी होते. पण हात धजत नाही."

मी मान डोलावली आणि माझी पेटी उघडली. आता बघा चीफ इंजिनिअरची कामगिरी.

भट्टीवरच्या पाटीवर लिहिलं होतं, दोनशे चाळीस व्होल्ट, चाळीस अँपिअर. म्हणजे भागाकार केला तर तारा सहा ओहमच्या आणि गुणाकार केला तर साडेनऊ हजार वॅटच्या वर ताकद. मी भट्टी सुरू केली, तारेभोवती चिमट्यासारखं धरायचं मीटर लावलं. पस्तीस अँपिअर. पाच कमी. मग व्होल्ट मोजले. चालू विजेचं काम करताना एक हात खिशात ठेवायचा असतो, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही. हे मला कॉलेजमध्ये शिकवलं होतं आणि मी ते इमानाने पाळायची. मीटरची एक तार भट्टीच्या पत्र्याला अडकवली, दुसरी एका हाताने आधी एका वायरला लावली. एकशे वीस. मग दुसऱ्या वायरला. एकशे वीस. एकशे वीस अधिक एकशे वीस, दोनशे चाळीस. पुरवठा ठणठणीत.

दोनशे चाळीसला पस्तीसने भागलं. जवळजवळ सात ओहम आले. हवे होते सहा.

"तारा म्हाताऱ्या झाल्यात," मी सांगितलं. "वापरून वापरून तार झिजते, जास्त अडवू लागते, मग वीज कमी वाहते. नव्या बसवू."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. तारा झिजतात, अडवतात, वीज कमी होते. फक्त त्या भट्टीच्या बाबतीत त्यातलं काही झालेलं नव्हतं.

शेडमध्ये नव्या तारा गुंडाळून घेतल्या. मी स्वतः टेबलावर मोजल्या, बरोबर सहा ओहम. नेऊन बसवल्या. बाईंनी वाडगे लेपात बुडवले, भट्टी भरली. भट्टीत मातीचा एक छोटा सुळका ठेवतात. आतली उष्णता हवी तेवढी झाली की तो मऊ पडून वाकतो आणि त्याच्या वाकण्याने भट्टी बंद होते. सुळका वाकलाच नाही तर शेवटी घड्याळ ती बंद करतं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "विशाखा, घड्याळानेच बंद केली."

मी पुन्हा गेले. पुन्हा पस्तीस अँपिअर. पुन्हा भागाकार, पुन्हा जवळजवळ सात. तीच तार माझ्या टेबलावर सहा ओहम होती आणि गिरणीत येईपर्यंत सात झाली होती. दुसऱ्या कुणाला अशा वेळी शंका आली असती की आपण भागतोय त्या आकड्यातच काही गडबड असेल. मला तारेबद्दल शंका आली. तापल्यावर तार थोडी जास्त अडवते, ते असेल. जोड ढिले असतील. मी एकूणएक स्क्रू आवळले. लांबून येणारी वायर बारीक असेल म्हणून ती हाताने चाचपून पाहिली, गार होती. त्यावेळी तरी मीटरची दोन टोकं सरळ दोन वायरींवर लावून बघायला हवी होती. नाही लावली. ज्याचं उत्तर आपल्याला माहीतच आहे ते कोण मोजतं?

तिसऱ्यांदा भट्टी लागली. पुन्हा ताकाच्या रंगाचे वाडगे. बादलीत आता तळाला चार बोटं लेप उरला होता.

मी भट्टीच्या विटांवर टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं, आणि गंभीर चेहऱ्याने निदान सांगितलं. "विटा जुन्या झाल्या. उष्णता बाहेर जातेय. ही भट्टी आता काढून टाका."

एलिनॉरबाई बराच वेळ हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते.

"माझा मुलगाही तेच म्हणतो," शेवटी त्या म्हणाल्या. "एप्रिल संपता संपता तो ट्रक घेऊन येईल. भंगारवाल्याकडे नेतो म्हणालाय. ठीक आहे. कधीतरी थांबायचंच होतं."

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. न सुटणारं गणित कुणी फळ्यावरून पुसून टाकावं तसं.

मग आली आमची जयंती. आमच्यासारखी नागपूर, औरंगाबाद, मुंबईकडची पंचवीस-तीस कुटुंबं दरवर्षी एप्रिलमध्ये एका चर्चचं तळघर भाड्याने घेऊन जमायची. फोटोला हार, पंचशील, मुलांची भाषणं, मग जेवण. बायका पांढऱ्या साड्या नेसायच्या. मीही माझी ठेवणीतली पांढरी साडी नेसले होते, कारण त्या वर्षी मला स्टेजवर बोलायचं होतं. विषय माझाच, ‘मुलींनी विज्ञान का शिकावं’.

स्वयंपाकघराचा ताबा कमलमावशींकडे होता. औरंगाबादच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. आल्या दिवसापासून त्यांनी सगळ्या मुलांना मराठीत रागवायचं व्रत घेतलं होतं. मी आत डोकावले तर त्या भाताच्या पातेल्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"जयभीम, मावशी. झाला का भात?"

"कशाचा भात! पाण्याला अजून आधण नाही. माझ्या सुनेकडे हुबेहूब हीच शेगडी आहे. तिथं एवढ्या वेळात भात होऊन लोक जेवूनही उठतात. इथं नुसतं कोमट. तू इंजिनिअर नं? बघ की."

"मावशी, पातेलं मोठं आहे. मोठ्या पातेल्याला वेळ लागतो."

"पातेलं तेच आहे. सुनेच्या घरून आणलंय."

एका वाक्यात माझं निदान उताणं पडलं. मागे बायका हसल्या. आता काहीतरी करून दाखवणं भाग होतं. कुठल्याही यंत्राची पाटी बघायची, ही माझी खोड. या विजेच्या शेगड्यांची पाटी खाली ओव्हनच्या चौकटीवर असते. मी पदर खोचला, खालचा ड्रॉवर ओढून काढला आणि पांढऱ्या साडीनिशी फरशीवर आडवी झाले. मावशींनी वरून टॉर्च धरला.

पाटीवर ताकदीच्या दोन ओळी होत्या. एक दोनशे चाळीस व्होल्टवर किती, त्याची. तिच्याखाली दुसरी, दोनशे आठ व्होल्टवर किती, त्याची. तीच शेगडी, त्याच तारा, आणि दुसऱ्या ओळीतला आकडा पहिलीपेक्षा पावपट कमी.

मी तो आकडा वाचला. पुन्हा वाचला. आणि डोळ्यांसमोर एलिनॉरबाईंची भट्टी उभी राहिली. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अगं आई गं!"

"शॉक लागला का गं?" मावशींनी घाबरून विचारलं.

"लागला, मावशी."

काय झालं होतं ते सांगते. अमेरिकेत घराला येणाऱ्या दोन वायरी अगदी एकमेकींच्या उलट ओढतात, म्हणून त्यांच्या एकशे विसांची सरळ बेरीज होते, दोनशे चाळीस. पण गिरणी, चर्च, शाळा अशा मोठ्या इमारतींना बहुतेक वेळा तीन वायरींची वीज येते. त्यातल्या कुठल्याही दोन वायरी पूर्ण उलट ओढत नाहीत, जरा तिरक्या ओढतात. रस्सीखेचीत दोघांनी समोरासमोर न ओढता तिरकं ओढलं तर दोघांचा सगळा जोर कामी येत नाही, तसं. तिथे एकशे वीस आणि एकशे वीस मिळून दोनशे चाळीस होत नाहीत. दोनशे आठच होतात.

यात गंमत अशी की भारतात सगळीकडे असंच असतं. घरात दोनशे तीस, आणि दोन फेजच्या मध्ये चारशे. चारशे साठ नव्हे. हे मी नागपुरात पाठ केलं होतं, परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, त्यावर मार्क घेतले होते. मग श्रूजबरीच्या घरात येऊन एकशे वीस दुणे दोनशे चाळीस झालेले पाहिले आणि आपल्या गावचं गणित साफ विसरले.

जयंतीच्या दिवशी भाताला वेळ लागला म्हणून भाषणं जेवणाआधी घेतली. मी स्टेजवर गेले. पहिल्या रांगेतून अशोक स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत होता. मला वाटलं, मनापासून बोल असं सुचवतोय. मी मान हलवली आणि मनापासून बोलायला लागले. "मुलींनी विज्ञान शिकावं, कारण..." आणि पुढचं सगळं गेलं. डोक्यात फक्त भट्टी. मी म्हटलं, "कारण आपल्याला जे पक्कं माहीत असतं ते एकदा मोजून बघावं." एवढं बोलून खाली उतरले. टाळ्या जोरात पडल्या, लोकांना भूक लागली होती. खुर्चीवर बसल्यावर कळलं, पदरापासून निऱ्यांपर्यंत शेगडीखालच्या काळ्या वंगणाचा पट्टा होता.

सोमवारी सकाळी ऑफिसला न जाता आधी गिरणीत गेले. एलिनॉरबाई खोकी भरत होत्या. मी भट्टी लावली, रबरी हातमोजे घातले आणि मीटरची दोन टोकं पहिल्यांदाच सरळ दोन वायरींवर ठेवली. दोनशे आठ. तरीही माझा स्वभाव बघा, मला वाटलं मीटरचा सेल संपत आला असेल. नवा सेल घातला. दोनशे आठ.

दोनशे आठ भागिले पस्तीस, सहा ओहम. तारा पहिल्यापासून बरोबर होत्या. दोनशे आठ गुणिले पस्तीस, सात हजारांच्या जरा वर. साडेनऊ हजारांच्या भट्टीला सात हजारच मिळत होते. बिचारी पाऊण पोटावर राबत होती, आणि मी तिच्या पाठीवर टकटक करून तिला भंगारात काढायला निघाले होते.

"तुमच्या भट्टीला काही झालेलं नाही," मी सांगितलं.

बाई खोक्यावर बसल्या. "विटा?"

"विटा चांगल्या आहेत."

"पहिल्या तारा?"

"त्याही चांगल्या होत्या."

"मग माझं काही चुकत होतं?"

"नाही."

त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. "मग राहिलं कोण?"

मी हात वर केला, वर्गात करतात तसा. त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग अशा की केसांतली पेन्सिल खाली पडली. मला मात्र बादलीच्या तळाची ती चार बोटं दिसत होती. हसणं जमेना.

"तुमचा लेप मी वाया घालवला," मी म्हटलं.

"वाया नाही अजून. कच्चे राहिलेत, बिघडले नाहीत. फेकलेले नाहीत मी. बघू पुन्हा भाजून." मग उठून त्यांनी मुलाला फोन लावला आणि त्याला दोनच शब्द सांगितले. "ट्रक कॅन्सल."

शेडमध्ये फ्रँकला सगळं सांगावं लागलं. तो डोनट खात ऐकत होता. "म्हणजे चीफ, आपण बरोबर तारा काढून त्यांच्या जागी बरोबर तारा बसवल्या?"

"हो."

"आणि आता त्या काढून तिसऱ्या बसवणार?"

"हो. साडेचार ओहमच्या."

"सहावरून साडेचार? ताकद हवीय जास्त, आणि तार कमी अडवणारी?"

हा प्रश्न सगळेच विचारतात. अडवण्याने तापत असेल तर जास्त अडवणारी तार जास्त तापायला हवी, असं वाटतं. पण ढकलण्याचा जोर आपल्या हातात नसतो, तो इमारतीत असेल तेवढाच. तार कमी अडवणारी घेतली की वीज जास्त वाहते आणि उष्णता वाढते. दोनशे आठला साडेचारने भागलं की शेहेचाळीस अँपिअर येतात, आणि दोनशे आठ गुणिले शेहेचाळीस केलं की पुन्हा साडेनऊ हजार. फ्रँकने कागदावर करून बघितलं, बोटाची साखर कागदाला लागली. मग तो म्हणाला, "या तारा माझ्याकडून. आणि इथून पुढे तू कुठेही जाशील तिथे आधी मोज, मग बोल." इलेक्ट्रिशियनने येऊन जास्त विजेला पुरेल अशी जाड वायर आणि मोठा ब्रेकर बसवला. मी तारा बसवल्या.

बाईंनी आधीचे कच्चे राहिलेले सगळे वाडगे आणि ताटल्या पुन्हा भट्टीत रचल्या. नवीन एकही ठेवला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत सुळका वाकला आणि भट्टी आपोआप बंद झाली. पण गार व्हायला दुसरा दिवस जातो, त्याआधी झाकण उघडलं तर सगळं तडकतं. त्या दिवशी मी ऑफिसात कुणाला काय उत्तरं दिली देव जाणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून झाकण उचललं. कोमट वाफारा तोंडावर आला. वरच्या थरातली एक ताटली फुटून दोन तुकडे झाली होती. दोन वाडग्यांचा लेप ओघळून ते फळीला चिकटले होते. बाकी सगळे निळे होते. खालपर्यंत.

एलिनॉरबाईंनी एक वाडगा काढून खिडकीशी नेला. जुना वाडगा त्याच्याशेजारी धरला.

"जरा गडद आलाय," त्या म्हणाल्या. "हॅरीपेक्षा."

"दोनदा भाजल्यामुळे असेल," मी घाईघाईने म्हटलं. "किंवा तारा नव्या आहेत म्हणून. मी थोडं..."

"तू काही करू नकोस." त्यांनी दोन्ही वाडगे खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. रडल्या वगैरे नाहीत. चिकटलेल्या दोन वाडग्यांना एक छोटीशी शिवी दिली आणि हातोडी आणायला गेल्या.

बादलीच्या तळाचा उरलेला लेप पुढच्या भाजणीत संपला. त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन नव्हता. मला वाटलं, आता थांबल्या. मग जूनमध्ये एका दुपारी फोन आला, "तुझं मीटर घेऊन ये."

गेले. टेबलावर सहा वाडगे मांडलेले. लेप त्यांनी स्वतः कालवला होता, पहिल्यांदाच. चकाकी उत्तम होती, पण रंग निळा नव्हता. हिरवट होता, तळ्याच्या पाण्यासारखा.

मी पेटी उघडली. दोन टोकं दोन वायरींवर. दोनशे आठ. चिमटा लावला. शेहेचाळीस. दोनदा मोजलं. भागाकार केला, गुणाकार केला.

"भट्टी बरोबर आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. विजेत काही नाही. हा हिरवाच आहे."

त्यांनी एक वाडगा उचलला, उजेडात धरून सावकाश फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. एरवी मी आले की त्या आधी चहाचं विचारायच्या. त्या दिवशी विचारलं नाही. बाह्या वर केल्या, धुऊन ठेवलेली दुसरी बादली ओढली आणि त्यात पाणी ओतायला सुरुवात केली.